पिराजीनं नवरदेव आणला

नदीकाठच्या एका गावात पिराजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? "जरा इथं उभा राहा" असं सांगून कुणी परगावी गेलं, तर ते परत येईपर्यंत पिराजी तिथंच. पाऊस आला तरी तिथंच. त्याचा थोरला भाऊ केरबा त्याला शोधायला निघायचा, तेव्हा "पिराजी कुठं गेला?" असं विचारायचा नाही. "पिराजीला शेवटचं कुणी काय सांगितलं?" असं विचारायचा. मग तो बरोबर सापडायचा.

केरबाचं लग्न ठरलं. पलीकडच्या गावची शालन. केरबानं लग्नासाठी एक जुनी गाडी घेतली. गाडी चांगली होती. फक्त पुढच्या डाव्या सीटवर कुणी बसलं की टिंग टिंग ओरडायची. सुपारी फुटली त्या दिवशी ती ओरडतच सासऱ्याच्या दारात गेली आणि त्यांची म्हैस दावं तोडून पळाली.

सासरे सुबराव तापट. म्हणाले, "लग्नात ही गाडी नको. आणि चालवणारा हा येडाही नको."

केरबा म्हणाला, "माझ्या लग्नाची गाडी पिराजीच चालवणार. तो नाही, तर मीही नाही."

"मग ऐका. गाडी गप्प आली पाहिजे आणि वेळेवर आली पाहिजे. घोळ झाला तर लग्न मोडलं."

"कबूल," केरबा म्हणाला.

पिराजीला कुणी विचारलं नव्हतं. तरी तोही म्हणाला, "कबूल."

दुसऱ्या दिवशी पिराजी बाजारातून एक मोठा भोपळा घेऊन निघाला. भोपळा सीटवर ठेवला. टिंग टिंग! पिराजीनं गाडी इस्माईल मेस्त्रीकडं नेली.

मेस्त्री म्हणाला, "सीटवर वजन पडलं की हिला वाटतं माणूस बसलाय. बसलेला दिसला आणि ओरडा सुरू झाला की पट्टा बांधायचा. लगेच गप्प."

पिराजीनं भोपळ्याला पट्टा बांधला. गाडी गप्प. पिराजी खूश.

घरी आला तर गोदाआत्या खाटेवर बसून आचाऱ्यावर ओरडत होत्या. बसलेल्या होत्या आणि ओरडा सुरू होता. पिराजीनं बैलाचा कासरा आणला आणि आत्यांना खाटेसकट बांधलं.

आत्या गप्प झाल्या नाहीत.

केरबा धावत आला. "अरे, आत्याला बांधतोस होय? ओरडा सुरू झाला की पुढं तांब्याभर पाणी ठेवावं, हात जोडावेत आणि 'चुकलं' म्हणावं."

"बरं," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिराजी आचाऱ्याला शेजारी बसवून निघाला आणि भर चौकात गाडी ओरडायला लागली. पिराजीनं गाडी थांबवली. खाली उतरला. बॉनेटवर पाण्याचा तांब्या ठेवला, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं." गाडी ओरडतच राहिली. पिराजी हात जोडून उभाच राहिला. मागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. दोन म्हाताऱ्या आल्या आणि गाडीला हळदकुंकू वाहून गेल्या.

शेवटी एक ट्रॅक्टरवाला उतरून आला. "अरे बाबा, माणसाला पट्टा लावत बसू नकोस. रिकाम्या सीटलाच आधी लावून टाक आणि त्यावर माणूस बसव. आम्ही सगळे तेच करतो."

"पोलीस काय म्हणतो?"

"तो दिसला की पळतो आम्ही."

पिराजीनं एवढंच लक्षात ठेवलं. माणसाला लावायचं नाही. आधी खाली लावायचं, मग माणूस बसवायचा.

त्याच संध्याकाळी केरबाची हळद होती. आत्या म्हणाल्या, "पिऱ्या, आम्ही गाणी म्हणतो, तू दादाला हळद लाव."

पिराजीनं वाटीभर हळद पाटाला लावली आणि दादाला त्यावर बसवलं. केरबाचं तोंड कोरडं ठणठणीत. पांढरा लेंगा मागून पिवळाधमक. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. केरबा आधी चिडला, मग वळून वळून स्वतःची पाठ बघायला लागला, मग तोही हसला. म्हणाला, "चल, लेंगा बदलून टाकू. नवा घेऊन येऊ." आणि तसाच गाडीत जाऊन बसला.

ओली हळद पट्ट्याच्या खाचेत गेली आणि सकाळपर्यंत तिथं वाळून बसली.

लग्नाच्या दिवशी मेस्त्रीनं खाच बघितली आणि कपाळाला हात लावला. "आता पट्टा लागत नाही. ही सीट रिकामी असेल तरच गाडी गप्प बसेल."

वऱ्हाड टेम्पोनं पुढं गेलं होतं. मागच्या सीटवर आहेराची भांडी छतापर्यंत रचली होती. केरबा फेटा, मुंडावळ्या सांभाळत पुढंच बसला. टिंग टिंग!

"ओरडू दे," केरबा म्हणाला. "पण पिऱ्या, मांडवापुढं गाडी गप्प आणि वेळेवर पोचली पाहिजे. बाकी काही का होईना."

"बरं."

सासुरवाडीच्या वेशीवर मारुतीचं देऊळ होतं. मांडवात जाण्याआधी नवरदेवानं मारुतीला नमस्कार करायचा, ही रीत. केरबा उतरून आत गेला. गाडी गप्प झाली.

पिराजीनं सीटकडं बघितलं. रिकामी. घड्याळाकडं बघितलं. मुहूर्त जवळ आलेला. त्यानं गाडी हाणली.

मांडवापुढं गाडी आली. गप्प आली. वेळेवर आली. सुबराव खूश होऊन पुढं आले. त्यांनी दार उघडलं.

"नवरदेव कुठाय?"

"देवळात ठेवलाय, मामा. तो बसला की गाडी ओरडते."

सुबरावांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. "अरे येड्या! ओरडली तरी चालेल! मुहूर्त टळला तर लग्न मोडलं म्हणून समज! मारुतीच्या देवळात नवरदेव असेल, त्याला घाल गाडीत आणि घेऊन ये. आणि वाटेत कुणासाठीही थांबलास तर बघ!"

पिराजी सुसाट निघाला.

वाटेत केरबा भेटला. एका हातात फेटा, एका हातात जोडे, पळत येत होता. "पिऱ्या, थांब! थांब!"

"नाही थांबत, दादा!" पिराजी ओरडला. "नवरदेव आणायचाय!"

आणि गेला.

त्या दिवशी गावात दोन लग्नं होती. देवळात दुसराच एक नवरदेव नमस्काराला आला होता. नवरदेव होता, देवळात होता. पिराजीनं त्याला उचलला, सीटवर घातला आणि पट्टा लागत नव्हता म्हणून गाठ मारली. गाडी ओरडायला लागली. नवरदेवही ओरडायला लागला. हात जोडावेत तर स्टिअरिंग सुटेल, म्हणून पिराजी दोघांना नुसतंच "चुकलं, चुकलं" म्हणत राहिला.

परतताना पुन्हा केरबा. आता त्याला धाप लागली होती. तो हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. "पिऱ्या, अरे मी आहे!"

"दिसतंय की!" पिराजीनं त्याच्या कडेनं गाडी काढली. "बाजूला हो, दादा! तुझ्याच लग्नाला उशीर होतोय!"

मांडवापुढं गाठ सुटली. सुबरावांनी नवरदेव वरपासून खालपर्यंत बघितला. "हा कुणाचा?"

"ते विचारायला तुम्ही सांगितलं नव्हतं, मामा."

"झालं! मोडलं लग्न!" सुबरावांनी फेटा काढून आपटला.

तेवढ्यात केरबा पोचला. अनवाणी, धुळीनं माखलेला, मुंडावळ्या गळ्यात उतरलेल्या. तो मांडवाचा खांब धरून उभा राहिला. भटजींनी घड्याळ दाखवलं, मुहूर्ताला अजून थोडा वेळ होता.

शालन हार घेऊन पुढं आली. "बाबा, तो गाडीत बसून आलाय, हा पळत आलाय. मला हाच पाहिजे. आणि गाडीवाल्या भाऊजींना कुणी काही बोलायचं नाही."

सुबरावांनी आपटलेला फेटा उचलून झटकला आणि डोक्यावर ठेवला. अंतरपाट धरला गेला. अक्षता पडल्या. दुसऱ्या नवरदेवाला त्याची माणसं मोटारसायकलवर घालून घेऊन गेली.

सगळं शांत झाल्यावर पिराजी केरबाच्या कानाशी वाकला.

"दादा, तुलाही इकडंच यायचं होतं होय? मग तसं सांगायचं की! मी दोनदा तुझ्या शेजारूनच गेलो."