बावीस गोल

उत्तरेकडच्या एका देशात हिवाळा पाहुण्यासारखा येतो आणि जावयासारखा मुक्काम ठोकतो. त्या देशातला एक तरुण कप्तान एकदा मोठ्या पेचात सापडला. त्याच्या संघाने बर्फावरच्या हॉकीत देशाला पहिलेच जगज्जेतेपद मिळवून दिले होते. लोकांच्या आनंदाला पारावार राहिला नव्हता. आनंद अनावर झाला की माणसांना शिलालेख सुचतात, तसा तो क्रीडामंडळालाही सुचला. नव्या क्रीडागाराच्या दारात एक शिळा बसवायची आणि देशाच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ संघाची नावे तिच्यावर कोरायची असे ठरले. निवड अर्थातच कप्तानाच्या गळ्यात पडली.

त्याने पंचेचाळीस वर्षांची दप्तरे चाळली. पहिल्या पिढीचा संघ, दुसऱ्या पिढीचा संघ आणि आपला संघ यांचा वेग पाहिला, गोल पाहिले, जय-पराजय पाहिले. पहिला संघ परदेशात एकच सामना खेळला होता, आणि त्यात बावीस विरुद्ध शून्य असा त्याचा धुव्वा उडाला होता. तेव्हा निकाल उघड होता, सर्वश्रेष्ठ आपलाच संघ. अडचण एवढीच, की त्या पहिल्या संघाचे गोलरक्षक म्हणजे कप्तानाचे वृद्ध गुरुजी. ज्यांनी त्याला बर्फावर उभे राहायला शिकवले, त्यांचेच नाव शिळेवर नसणार होते. खरे लिहावे तर गुरूंचा अवमान, आणि खोटे लिहावे तर गुरूंच्या शिकवणुकीचा. बिचारा दोन दिवस धड जेवलाही नाही.

शेवटी मन घट्ट करून तो यादी घेऊन सरावाच्या मैदानावर गेला. गुरुजींनी चष्मा लावून कागद शांतपणे वाचला.

"यादी बरोबर आहे," ते म्हणाले. "चल, स्केट घाल पायात."

आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस गुडघ्यांना पॅड आणि तोंडावर गोलरक्षकाचा मुखवटा बांधून जाळ्यापुढे जाऊन उभा राहिला. कप्तान गोंधळला.

"गुरुजी, लागेल तुम्हाला."

"लागायचं ते केव्हाच लागून गेलंय. मार, एक नंबर."

त्या देशात मुलांना गोल करण्याचे बावीस डाव क्रमाने शिकवतात. पाढे पाठ करावेत तसे ते मुले पाठ करतात, आणि पाढ्यांसारखेच, ते कुणी केले असे कधी विचारत नाहीत. कप्तानाने पहिला डाव हलक्या हाताने मारला. चेंडूऐवजी असते ती काळी चकती जाळ्यात गेली. गुरुजी जागचे हललेही नाहीत.

"हा त्यांच्या उंच माणसाचा," ते म्हणाले. "भुवईवर खोक होती त्याच्या. दोन नंबर."

दुसराही गेला. "हा डावखुऱ्याचा. तीन."

"हा त्यांच्यातल्या सगळ्यात धाकट्याचा. मारल्यावर हसला होता लेकाचा. चार."

सहाव्या डावाशी कप्तानाची काठी वरच्या वर थांबली.

"गुरुजी, म्हणजे हे बावीस..."

"हो, माझ्या शेजारून गेले ते हेच. एकदा नाही, दोनदा." गुरुजींनी मुखवटा वर केला. "सामना संपला तेव्हा आमची मुलं ढसाढसा रडत होती. आमचा कप्तान मात्र जिंकलेल्यांच्या खोलीत गेला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, 'उद्या सकाळी हे सगळे गोल पुन्हा सावकाश मारून दाखवाल का?' ते आधी हसले, मग गप्प झाले. सकाळी झाडून सगळे आले. मी पुन्हा उभा राहिलो आणि आमच्या पोरांनी एकेक गोल पाठ करून घेतला. पुढच्या पिढीने ते अडवण्यात पंधरा वर्षं घालवली. परवा अंतिम सामन्यात तू बाविसावा मारलास ना, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आमच्यातल्या कुणालाही तो कधी जमला नाही रे! यादी बदलू नकोस. तुम्ही आमच्याहून सरस आहात, आम्ही खपलो ते त्याचसाठी. आम्हाला मागे टाकणारं कुणी निघालंच नसतं, तर मात्र आम्ही खरोखर हरलो असतो."

आयुष्यभर ज्या डावांना कप्तान स्वतःचे कसब समजत होता, ते एका माणसाने बर्फावर मुकाट उभे राहून, हसे करून घेऊन, त्याच्यासाठी आणले होते. त्याने खाली बसून गुरुजींच्या पॅडचे पट्टे सोडले. सोडता सोडता त्याला आठवले, की अंतिम सामन्यात आपल्यावरही दोन गोल झाले होते. ते कसे झाले? जल्लोषात कुणी विचारलेच नव्हते. त्याचे कान लाजेने तापले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या आगगाडीने तो अंतिम सामन्यात हरलेल्या संघाच्या देशी निघाला. जाताना क्रीडामंडळाकडे त्याने यादीऐवजी दोन ओळींची चिठ्ठी धाडली: "शिळा तूर्त कोरी ठेवावी. आमचा संघ किती मोठा, ते आम्हाला मागे टाकणारी मुले सांगतील. त्यांच्यासाठी तेविसावा आणि चोविसावा डाव शिकायला जात आहे."