काळ्या शंकराचं चित्र

“महिनाभरात हे चित्र पहिल्या दिवसासारखं झालं पाहिजे! पण नव्या रंगाचा एक थेंब लावायचा नाही आणि जुन्या रंगाचा एक कण निघता कामा नये. नाही जमलं तर चिताऱ्या, बिऱ्हाड घेऊन राज्याबाहेर चालता हो!”

राजा उदयभानाने हुकूम सोडला आणि तो जेवायला गेला. हुकूम सोडायला जीभ पुरते. डोकं लागलं असतं तर राजेसाहेबांची पंचाईतच होती!

चित्र होतं शिवपार्वतीच्या लग्नाचं. डोंगरावरच्या देवळातल्या प्रसिद्ध भित्तिचित्राची ही नक्कल राजाच्या आजोबांनी फळीवर काढवून घेतली होती आणि देवघरात लावली होती. आता त्यात नवरा कोण, नवरी कोण, काही कळत नव्हतं. दोघंही तव्याच्या बुडासारखी काळी!

म्हातारा सखोबा चितारी घरी येऊन डोकं धरून बसला. “सूनबाई, या वयात मी कुठल्या गावाला जाऊ गं?”

“कुठेही जायचं नाही, मामंजी,” आवडी म्हणाली. “आधी मला ते चित्र बघू तरी द्या!”

दोन दिवस ती देवघरात नुसती बसून राहिली. आरत्या पाहिल्या. तिसऱ्या दिवशी तिने मुदपाकखान्यातून परातभर मळलेली कणीक मागवली.

दरबारी खिदळले. “देवाच्या लग्नात पोळ्या लाटणार वाटतं!”

“नाही, देवाला आंघोळ घालणार,” आवडी म्हणाली. “इतक्या वर्षांत तुम्हाला सुचली नाही ना, म्हणून!”

कणकेचा मऊ गोळा ती चित्रावरून हलकेच फिरवी. तो काळा झाला की टाकून दुसरा घेई. महिना संपायच्या आत तिने दरबारात चित्रावरचं फडकं काढलं. शंकर दुधासारखा गोरा! पार्वती हळदीसारखी पिवळी! नवरीच्या आईचं फुगलेलं तोंडसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

राजपुरोहित केरोशास्त्री तडकले. “घात केला! हिने जुना रंग खरवडला, महाराज! शंकर काळाच होता!”

“चौकट काढा,” आवडी शांतपणे म्हणाली.

चौकट निघाली. नंदीची अर्धी शेपटी इतकी वर्षं चौकटीखाली झाकलेली होती. तिथे ना कणीक पोचली होती, ना आरतीचा धूर. तिचा रंग उरलेल्या शेपटीसारखाच पांढराशुभ्र!

“शास्त्रीबुवा, आरतीत रोज शंकराला कापरासारखा गोरा म्हणता,” आवडी म्हणाली, “आणि त्याच कापराच्या काजळीने त्याचं तोंड काळं करता! डोळे मिटून आरती करता की काय?”

शास्त्रीबुवा लालबुंद झाले. “जीभ आवर! डोंगरावरचं मूळ चित्र मी या डोळ्यांनी पाहिलंय. तिथेही शंकर काळाच आहे!”

“तिथे आरती कोण करतं?”

शास्त्रीबुवांची छाती फुगली. “माझे थोरले बंधू! चाळीस वर्षं, दोन्ही वेळा, मूठ मूठ कापूर जाळतात!”

“ऐकलंत महाराज?” आवडी म्हणाली. “आता तिथेही परातभर कणीक लागणार!”

राजा इतका हसला की मुकुट मांडीवर पडला. त्याने सखोबाला हयातभराचं घर दिलं, हातातलं सोन्याचं कडं आवडीला दिलं आणि मूळ चित्र साफ करायला तिला मेण्यातून डोंगरावर धाडलं. मेण्यामागून कणकेचं पोतं घेऊन चालायला मात्र केरोशास्त्रींना नेमलं!