खांडदऱ्याच्या विहिरीतली हाक

दीनबंधू महाराज त्या वर्षी ईस्टरच्या आधी खांडदऱ्याला मुक्कामी होते. नगरकडच्या डोंगरातलं हे पंचवीसेक ख्रिस्ती घरांचं गाव. महाराज कीर्तनकार होते. खांद्यावर एकतारी, झोळीत शुभवर्तमान आणि मुक्काम मंदिराच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, ओसरीवर. गाव त्यांच्यावर जीव टाकायचं, एक गुलाबराव सोडून! गुलाबराव मंडळीचे पंच. आपल्या शब्दावर सगळं चाललेलं असताना हा एकतारीवाला कशाला, असं त्यांना वाटे.

ईस्टरला बाप्तिस्मे होते आणि मंदिराची विहीर आटलेली. म्हणून पंचांनी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेलासुद्धा, खोदकाम थांबू दिलं नाही. शमुवेल विहिरी खणणारा. तो खाली उतरला. त्याची बायको सगुणा वर रहाटावर. या कामकऱ्यांची एक जुनी रीत होती. पाटी खाली सोडण्याआधी वरच्यानं विचारायचं, "कोन हाय खाली?" खालच्यानं बाजूला सरून उत्तर द्यायचं, "देव हाय आन् म्या हाय!" उत्तर आल्याशिवाय पाटी सोडायची नाही.

तिसऱ्या प्रहरी, मंदिरात वधस्तंभाची प्रार्थना चालू असतानाच, विहिरीची एक बाजू धडधडत ढासळली. धुळीचा लोट वर आला. सगुणानं जीव तोडून विचारलं, "कोन हाय खाली?"

उत्तर आलं नाही.

सारं गाव धावलं. शनिवारी दुपारपर्यंत दगड उपसले, तर दुसरी बाजूही सुटू लागली. गुलाबराव म्हणाले, "आता पुरे. आणखी दोघांचा बळी जाईल. विहीर बुजवा आणि तिलाच त्याची कबर समजा." हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणूनच लोकांचे हात थांबले. सगुणा मात्र काठावरून हलेना. थोड्या थोड्या वेळानं ती वाकून हाक मारायची.

पंच वैतागले. "दगडांना विचारतेस होय गं? ते काय बोलणार! का तुझे महाराज एकतारी वाजवून मेलेल्याला उठवणार?"

दोघंचौघं हसले. त्यांना हसू फुटलं कसं, देव जाणे!

सगुणा महाराजांच्या पायाशी कोसळली. "महाराज, माझं धनी रोज म्हनायचं, देव हाय खाली. मग ह्या अंधारात कुठं गेला त्यो?"

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बाई, आज शनिवार. काल वधस्तंभावर गेलेला प्रभूही आज कबरेतच आहे. शमुवेल जिथं आहे, तिथंच तोही आहे. तू हाक मारत राहा. आम्ही उपसत राहू."

आणि काय सांगू! सत्तरीचे महाराज एकतारी बाजूला ठेवून, कमरेला दोर बांधून विहिरीत उतरले! ते पाहून चार तरुणांना स्वतःची लाज वाटली. तेही उतरले, लाकडांचे टेकू लावले आणि पाट्या पुन्हा वर येऊ लागल्या.

रविवारी पूर्वेला तांबडं फुटलं. ईस्टरच्या पहाटे ढोल वाजवत कबरस्तानापर्यंत दिंडी न्यायची, ही गावची रीत. वाट विहिरीवरूनच जाते. गुलाबराव दिंडीच्या पुढं होते. तेवढ्यात महाराज मातीनं माखलेले वर आले आणि दोन्ही हात पसरून वाटेत उभे राहिले.

"ढोल थांबवा! कोणी हूं की चूं करू नका. सगुणे, विचार!"

सगुणाचा घसा पार बसला होता. तरी ती वाकली. "कोन हाय खाली?"

सगळे कान देऊन उभे होते. काहीच ऐकू येईना. गुलाबराव काही बोलणार, इतक्यात दगडांखालून, अगदी खोलातून आवाज आला:

"देव हाय... आन् म्या हाय!"

अहो, काय तो जल्लोष! "प्रभू उठला! खरोखर उठला!" म्हणत बाया रडू लागल्या, म्हातारे नाचू लागले, ढोलवाला ढोल टाकून दगड उचलू लागला. घटकाभरात शमुवेलला वर काढलं. एका कपारीत तो अंग चोरून बसला होता.

पाणी पिऊन तो सगुणाला म्हणाला, "तुझी हाक आत्ताच ऐकू आली बघ. त्याच्या आधी शेजारीच कुनीतरी बसलं हुतं. त्यो इचारायचा, 'कोन हाय खाली?' म्या म्हनायचो, 'देव हाय आन् म्या हाय.' मग त्यो हसायचा. म्हनायचा, 'खरं हाय.' त्यानं माझा हात सोडलाच न्हाई. त्याच्या तळव्याला खोल घाव हुता."

लोकांनी चमकून महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी आपले तळवे पुढं केले. त्यांवर दगडमातीचे फोड तेवढे होते.

शुक्रवारी शमुवेलला खाली कोणी पाठवलं, हे गुलाबरावांना आठवलं. ते महाराजांच्या पायांवर पडू लागले, पण महाराजांनी त्यांना वरच्यावर धरलं. "माझ्या नको, पंच. आधी या बाईची क्षमा मागा. मग प्रभूपुढं वाका."

गुलाबरावांनी सगुणापुढं हात जोडले. मग ते विहिरीच्या काठावर गुडघे टेकून बसले, मातीला कपाळ लावलं आणि रडत रडत त्या रिकाम्या विहिरीला विचारलं, "कोण आहे खाली?"

सारं गाव एका आवाजात म्हणालं, "देव हाय!"