सल्लागाराची फी

सासवडच्या उज्ज्वला भिंताडेंची मसाल्याची वेबसाइट गूगलवर पार तळाला गेली होती, गिऱ्हाईक आटलं होतं. तेव्हा पुण्याहून एक सल्लागार अवतरला. टाय आवळलेला, जीभ मोकळी.

"ताई, तुमच्या साइटवर चाळीसेक जणांच्या लिंका लावा, ते त्यांच्या साइटवर तुमची लावतील. गूगलवर सगळेच वर."

त्यानं दाखवलेल्या यादीत मूळव्याधीचं औषधसुद्धा होतं. मसाल्याशेजारी.

"पण गिऱ्हाईक येईल का?"

"गिऱ्हाइकाचं काय घेऊन बसलात? मान वाढतो."

बाईंनी फी म्हणून ब्लाउजपिसांचा गठ्ठा पुढे ठेवला.

"हे काय?"

"ओटीत आलेत. आम्ही बायका एकमेकींना देतो, फिरून तेच परत येतात. मान मोठा, शिवत कोणीच नाही. वहिनींना द्या."

साहेबांनी बॅग उचलली. गठ्ठा तिथंच राहिला. घरी बहुतेक त्यांच्याही असेल एक.