भोंगा वाजल्यावर

सन २०२३, वैशाखातला कडक उन्हाळा. कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत शाल्मलीचा जीव टांगणीला लागला होता. गावोगावचे पाणीपंप चालवणारी, रस्ट या संगणकभाषेत लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, तिच्याकडे होती. तिचे वरिष्ठ रणदिवे साहेब यांनी तीत प्रत्येक बिघाडाला वेगळा एरर, म्हणजे बिघाडाचा इशारा, दिला होता. पंपावरच्या प्रोग्रॅमला त्या प्रत्येकाची वेगळी सोय करावी लागे, आणि एखादी राहिली की पंप बंद, गाव कोरडं. शाल्मलीने आपल्या नव्या मसुद्यात तीनच एरर ठेवले: पुन्हा प्रयत्न करा, पंप थांबवा, माणूस बोलवा. आज मीटिंगमध्ये त्याचाच निकाल लागणार होता.

“पोरखेळ आहे हा!” साहेब भर मीटिंगमध्ये गरजले. “नेमका बिघाड कळल्याशिवाय कुणी काही करू शकतं का? करतं असं दाखव, माझे सगळे एरर माझ्या हाताने पुसतो. नाहीतर उद्यापासून लायब्ररीला हात लावायचा नाही.”

तेवढ्यात धुराचा भोंगा कर्कश वाजला. टेबलाखाली काढलेले बूट तिथेच टाकून साहेब सगळ्यांच्या आधी जिना उतरले. खाली कळलं, कँटीनमध्ये फोडणी करपली होती.

“साहेब, आग कसली ते विचारलंत का कुणाला?” शाल्मली म्हणाली.

“वेडी आहेस का? भोंगा वाजल्यावर विचारत बसतात होय?”

“तेच म्हणतेय मी. पळणाऱ्याला पळायचं एवढं कळलं की पुरे. कारण विझवणाऱ्याला लागतं, ते मी एररच्या पोटात जपून ठेवलंय.”

साहेब अनवाणीच वर गेले, खुर्चीत बसले आणि आपले सगळे एरर स्वतःच्या हाताने पुसले.