पिनेची जीभ

टक्.

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. बार्शीच्या बायपासला माझं पंक्चरचं दुकान होतं. शेजारी दस्तगीर मिस्त्रींची पत्र्याची शेड. ते गाड्यांची वायरिंग करायचे.

"चावी देताय का नाही, चाचा?"

अंकुश विचारत होता. पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकला, आता पुण्यात स्वतःचं गॅरेज. उभा होता, पण पाय एका जागी ठरत नव्हता.

"टेंपो कशाला पाहिजे?"

"आईला न्यायचं. सामानासकट. आज तिचं काही ऐकणार नाही."

"येते म्हणाली?"

"तिला काय विचारायचं? मोरीत पडली परवा. शेजारणीनं उचललं. एकटी असताना पुन्हा पडली म्हणजे?" त्याचा आवाज चिरकला. "घरकुल मिळाल्यापासून हट्टच धरलाय. दर वेळी जातो, दर वेळी दारातच भांडण. चहासुद्धा न घेता माघारी फिरतो मी."

रस्त्यावरून ट्रक गेला. पत्रे थरथरले.

"टेंपोचा उजवा दिवा लागत नाही," मिस्त्री म्हणाले. "कपलरमधली पिन काळी पडलीय. ती काढ, घास, परत बसव आणि जा."

"एवढंच? डोळे झाकून करतो."

कपलर म्हणजे वायरी जोडायची प्लास्टिकची डबी. वायरीच्या टोकाला पितळी पिन दाबून बसवलेली असते. पिनेला बारीक जीभ असते, ती डबीच्या आत खाचेत अडकते. म्हणून पिन निघून येत नाही.

अंकुशने पक्कड लावली आणि वायर ओढली.

"फोडशील, लेका. दुसरं कपलर नाही माझ्याकडं."

"मग सुई द्या."

छत्रीची काडी घासून मिस्त्रींनी सुई केली होती. अंकुशने ती पुढून घातली, जीभ दाबली, मागून वायर ओढली.

नाही.

पुन्हा. आणखी जोरात. घाम हनुवटीवरून कपलरवर पडला. प्लास्टिक करकरलं.

"अडकवलीय कुणी ही..."

मिस्त्री उठले. त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि वायर हळूच आत ढकलली.

"अहो, काढायचीय! तुम्ही आत काय ढकलताय?"

मिस्त्रींनी वायर आणखी जराशी आत रेटली.

"चाचा, उशीर होतोय मला."

"तू ओढतोस तोवर ती जिभेनं धरून बसणार."

वायर तशीच आत दाबून धरत त्यांनी सुई टेकवली. मग बोटं सैल सोडली.

पिन त्यांच्या तळहातावर आली. ओढावी लागलीच नाही.

अंकुशने ती घासली. लखलखीत केली. डबीत घातली. वायर जरा हलवून पाहिली, तर पिन बाहेर.

पुन्हा घातली. पुन्हा बाहेर.

"गेली कामातून."

"नाही गेली. काढताना आपणच जीभ दाबली ना तिची..."

मिस्त्रींनी पिन उजेडात धरली. सुईच्या टोकानं जीभ उचलली. अगदी थोडी. लहान लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी.

"घाल आता."

टक्.

अंकुशने वायर ओढून पाहिली. पिन हलली नाही. बटण दाबलं, दिवा लागला.

मिस्त्रींनी चावी त्याच्या हातावर ठेवली.

तो निघाला नाही. चावी बोटात फिरवत राहिला.

"ती एकच बोलते, चाचा. मी इथं बरी आहे. बास."

"आणि तू?"

"मी काय... पुढचं ऐकायला थांबतंय कोण?"

मिस्त्री हात पुसत होते. चिंधी काळी होती, हात तिच्याहून काळे.

"अंकुश, त्या घरकुलात मोरी कुठल्या अंगाला आहे रे?"

"मोरी... आत कुठं गेलोय मी, चाचा?"

मग त्याने चावी शेडच्या खिळ्याला परत अडकवली आणि आईकडं जाणारी एसटी धरायला स्टँडच्या दिशेनं चालू लागला.