तापलेली पिकअप

टोमॅटोंनी भरलेली जुनी पिकअप घाटमाथ्यावर तिसऱ्यांदा उकळली आणि ड्रायव्हर रामलिंगच्या शेजारी बसलेले मालक तात्यासाहेब इंगवले भडकले.

"इंजिन जाळलंस तू! उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघतो."

पाणी, पंखा सगळं रामलिंगनं सकाळीच तपासलं होतं. तो खाली उतरून गाडीभोवती फिरला. मागच्या चाकापाशी जळका वास येत होता. त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक सोडला.

"मालक, जरा मागून ढकला."

तात्यासाहेबांनी दातओठ खाऊन जोर लावला. समोर सरळ उतार, तरी गाडी ढिम्म!

"इंजिन बंद, गिअर नाही, पुढं उतार. मग गाडी धरलीय कुणी?" असं म्हणत रामलिंगनं चाकावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्रकन वाफ उठली. "ब्रेक अडकलाय, मालक. दिवाळीपासून सांगतोय, ब्रेक दुरुस्त करून घ्या, तर तुम्ही म्हणता, लागतोय ना? आता असा लागलाय, की सुटतच नाही. इंजिन बिचारं टोमॅटोंनी नाही तापलं, तुमच्या ब्रेकशी झटून तापलं!"

तात्यासाहेबांनी घाम पुसला.

"गॅरेजवाल्याला बोलाव," ते हळूच म्हणाले, "आणि गाडी तूच चालव बाबा."